दार लावून दिलेला पीळ

जालना रोडवर माझ्या धाकट्या भावाचं दागिन्यांचं शोरूम आहे. आत शिरल्या शिरल्या डाव्या हाताला काचेची एक पेटी आहे, आत निळी मखमल आणि वरून सोडलेला दिवा. मागच्या दिवाळीच्या आधी त्या पेटीत आमच्या आईची चांदीची सरी ठेवली होती आणि खाली पितळी पाटी: 'अण्णांच्या हातची अखेरची सरी. शुद्ध हस्तकला.' अण्णा म्हणजे आमचे वडील. त्या पाटीच्या पहिल्या ओळीतला एकच शब्द खरा होता, 'सरी'. बाकीचं वाचून मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

ज्यांनी सरी पाहिली नाही त्यांना सांगते. सरी म्हणजे मानेभोवती बसणारं भरीव कडं. साखळीसारखी ती लोंबत नाही, गळ्याच्या खळीवर ताठ बसते. मागं मानेवर तिची दोन टोकं एकमेकांत अडकतात. साधी सरी गुळगुळीत असते आणि पिळाची सरी दोरासारखी पिळलेली. आमचं सराफ्यातलं दुकान पिळाच्या सरीसाठी ओळखलं जायचं. सोयगावकडच्या, जालन्याकडच्या बाया एसटीनं यायच्या, ओट्यावर टेकायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्याच घरचा पीळ पायजे."

त्या दुकानात मला एक काम होतं. परक्या बाईच्या गळ्याला सोनाराचा हात लागू नये असा रिवाज. म्हणून गळ्याचं माप दोऱ्यानं मी घ्यायचे आणि तयार सरी गळ्यात मीच चढवायचे. परकर-पोलक्यातल्या वयापासून. सरी चढवताना तिची टोकं कधी ओढून फाकवायची नसतात. एक टोक वर कानाकडं, दुसरं खाली खांद्याकडं, अशी ती मुरडायची, बाजूनं मान आत घ्यायची आणि टोकं पुन्हा समोरासमोर आणायची. फाकवली की सगळा ताण मध्यावर येतो, आणि चांदी कितीही सोसत असली तरी रागावते. 'रागावते' हा अण्णांचा शब्द. चांदी वाकवून वाकवून कडक झाली की ते म्हणायचे, "आता ही रागावली, हिला ताव द्या." मग ती गुंजेसारखी लाल होईपर्यंत तापवायची आणि पाण्यात सोडायची, की झाली पुन्हा मऊ. माणसाला असा ताव देता येत नाही, हे एक बरंच आहे म्हणा.

ऐरणीपुढं मात्र मला बसू दिलं नाही. पोरीनं ऐरणीपुढं बसू नये. का बसू नये? बसू नये. खंडेनवमीला ऐरणीभोवती रांगोळी मी काढायची आणि पूजेला भाऊ बसायचा, नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून. वर्षातून एकदा अण्णा आम्हाला वेरूळला न्यायचे. लोक तिथं देव बघायचे, अण्णा नुसते गळे बघत फिरायचे. एका दगडी बाईच्या गळ्यात पिळाची सरी होती. "बघ," ते भावाला म्हणायचे, "किती शेकडो वर्षं झाली, पण पीळ बघ, आपलाच हाय." आणि त्याला उचलून तिच्या गळ्यापाशी न्यायचे. मी खाली टाचा उंचावून उभी. त्याला दिसत होतं, पण तो तिकडं माकडं बघत होता.

आता पिळाचं सांगते, कारण सगळं तिथंच आहे. चांदीची चौकोनी कांब ठोकून तयार झाली की अण्णा दुकानामागच्या खोलीत जायचे. भाता हलवायला आई आत जायची आणि दार लागायचं. उन्हाळा असो, आत माणूस शिजून निघो, दार लागायचंच. "हवा लागली की पीळ फुटतो," अण्णा सांगायचे. मला बाहेर ओट्यावर बसवलेलं. कुणी गिऱ्हाईक आलं की मी हात आडवा करून ऐटीत सांगायचे, "थांबा, अण्णा पीळ देताहेत. दार उघडलं तर हवा लागंल." बाया तोंडाला पदर लावून गप्प बसायच्या. आतून आवाज यायचा तो फक्त भात्याचा, आणि मग बराच वेळ तोही नाही. पीळ देताना बोलायचं नसतं, वेढे चुकतात. दार उघडायचं तेव्हा अण्णा सरी हातात घेऊन पुढं यायचे आणि मागून आई घाम पुसत सरळ स्वयंपाकघरात जायची. भाऊ हाताशी येईपर्यंत पिळाच्या सरीची मागणीच संपली. अण्णांनी यंत्रावरच्या तयार तारा आणायला सुरुवात केली आणि ती खोली अडगळीची झाली.

अण्णा गेले त्या दिवशी गल्लीतल्या बाया जमल्या. जे करतात ते त्यांनी केलं, बांगड्या, मंगळसूत्र. एका चुलतीनं सरीला हात घातला तर आईनं दोन्ही हातांनी सरी धरली आणि म्हणाली, "ते सगळं न्या. हिला हात लावायचा नाय." बाया हळहळल्या. नवऱ्याच्या हातचा दागिना, केवढी माया! पुढं कित्येक वर्षं नात्यातल्या प्रत्येक लग्नात ही गोष्ट सांगितली गेली आणि मीही ती सांगितली, डोळ्यांत पाणी आणून.

आई चिकलठाण्याला माझ्याकडं राहते. मी वाळूजच्या एका कारखान्यात तयार भाग तपासायला आहे. पहाटे कंपनीची बस धरते, दुपारनंतर परत येते. मागच्या पावसाळ्यात आईच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं आणि नर्स म्हणाली सरी काढा, नाहीतर कापावी लागेल. भाऊ लगेच म्हणाला, "कापा, मी जोडून देतो." आई पलंगावर उठून बसली. "कापायची आसंल तर मला ऑपरेशन नको." मग मी तिच्या मागं उभी राहिले आणि हळूहळू, तसूतसूनं, टोकं मुरडत ती सरी अख्खी काढली. मानेवर तिच्या जागी पांढरा पट्टा उमटला होता. आईनं सरी हातात घेतली, मध्यावर अंगठा फिरवला, आणि मला म्हणाली, "जखम भरली की तूच चढव." मी हो म्हणाले. एवढंच मागणं होतं तिचं. सोन्याचं काही नाही, तीर्थयात्रा नाही. सरी पुन्हा गळ्यात.

भावानं सरी नेली. "चमकवून देतो." मी त्याला बजावलं होतं, चढवायच्या आधी ताव द्यावा लागेल, इतक्या वर्षांची चांदी आहे, मध्यावर गळ्याच्या घासानं पीळ झिजलाय. तो फोनमध्ये बघत "हो हो" म्हणाला. आईची जखम भरली. डॉक्टर म्हणाले, आता काहीही घाला. आई रोज विचारायची, "आली का गं?" मी भावाला फोन करायचे आणि तो म्हणायचा, अगं शोरूमचं काम चाललंय, अगं कारागीर गावाला गेलाय. कारागीर! त्याच्याकडं कारागीर नाहीच. सगळा माल खोक्यांतून तयार येतो. मग एके दिवशी कंपनीतल्या मैत्रिणीनं तिच्या मोबाईलवर मला शोरूमचा फोटो दाखवला. पेटी, मखमल, दिवा आणि पाटी. ती कौतुकानं दाखवत होती बिचारी. माझ्या हातातला डबा मी इतक्या जोरात आपटला की भाजी बाहेर आली.

त्याला फोनवर मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तो म्हणाला, "ताई, चिडू नको. धनतेरसला आईला घेऊन ये. मी स्वतः माझ्या हातानं तिच्या गळ्यात घालतो. गिऱ्हाइकांसमोर. छान व्हिडिओ होईल."

"आणि व्हिडिओ झाल्यावर?"

"झाल्यावर पुन्हा पेटीत. या वयात गळ्यात एवढं वजन कशाला?"

हे मी आईला सांगितलं. वाटलं, ती जाणार नाही म्हणेल. तिनं इस्त्रीचं लुगडं काढायला सांगितलं.

धनतेरसला शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दारातच काय दिसलं? आमची ऐरण. अण्णांची ऐरण, तिला काळा तेलकट रंग फासलेला आणि वर झेंडूची फुलं. लोक तिच्याजवळ उभे राहून फोटो काढत होते. भाऊ जॅकेट घालून पुढं आला, आईच्या पाया पडला, तेही दोनदा, कारण पहिल्यांदा मोबाईलवाला पोऱ्या तयार नव्हता. मग आम्हाला पेटीपाशी नेलं. आईनं चष्मा सारखा केला आणि पाटी एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचली.

"हे कुणी लिव्हलं?"

"मीच, आई. अण्णांची आठवण."

"पीळ तर माझा हाय."

भाऊ हसला. आजूबाजूच्या बायाही हसल्या, म्हातारी माणसं काहीतरी बोलतात म्हणून. "हो आई, तू भाता हलवायचीस ना."

"भाता पायानं. धरायचे तुझे वडील. पिळायचे मी. त्यांच्या हाताला तो अंदाज नव्हता. एक सरी त्यांनी पिळली व्हती, नवीन लगीन झालं तवा. फुटली ती. मंग सगळ्या मीच." आई हे भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती. "ही पयली. म्हणून माझ्या गळ्यात ठिवली."

कान सोनारानंच टोचावेत म्हणतात. पण भावाचे कान टोचले गेले नाहीत, नुसते लाल झाले. माझं काय झालं ते सांगू? माझ्या डोळ्यांपुढं तो ओटा आला आणि आडवा केलेला माझा हात. सगळी वर्षं मी नवऱ्याच्या मायेची गोष्ट सांगत फिरले होते आणि बाईनं सरी धरून ठेवली होती ती स्वतःच्या कामासाठी. मला अण्णांचा राग आला, भावाचा आला, त्या हसणाऱ्या बायांचा आला, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त आईचा आला. बोलली का नाही ही?

भावाला विषय बदलायचा होता. त्यानं पेटी उघडून सरी बाहेर घेतली, पोऱ्याला म्हणाला, "घे रे, क्लोज घे." मी पुढं झाले.

"ताव दिलास का?"

"ताई, हे काय वाळूजचं वर्कशॉप आहे का?"

"दे इकडं, मी चढवते."

"आज मी घालणार," तो दात दाखवत म्हणाला, कॅमेऱ्याकडं बघत. आणि त्यानं सरीची दोन्ही टोकं दोन मुठींत धरून बाहेरच्या बाजूला ओढली, खिडकीचे गज वाकवावे तशी.

आवाज फार झाला नाही. वाळकी काडी मोडावी एवढाच. सरी बरोबर मध्यावर तुटली आणि त्याच्या दोन्ही हातांत एकेक तुकडा राहिला. आईची मान सरी घ्यायला थोडी वाकलेली होती, ती तशीच राहिली. पोऱ्या व्हिडिओ काढतच होता.

सोनाराचा मुलगा! सहा वर्षांचा असल्यापासून ऐरणीपुढं बसवलेला! मूस, फुंकणी, हातोडी, सगळं शिकवलेला! पण सरी चढवायची कशी ते त्याला कुणी कधी दाखवलंच नव्हतं, कारण ते पोरीचं काम होतं. आणि ते काम असतं, हेही त्याला माहीत नव्हतं.

"काही नाही, काही नाही," तो म्हणाला. "लेझरनं जोडून देतो, कळणारसुद्धा नाही." मग तुकड्यांकडं बघत त्याला आणखी सुचलं. "नाहीतर असू दे अशीच पेटीत. तुटकी अँटिक वाटते."

मी त्याच्या हातातून तुकडे हिसकावले. आईनं पदर पुढं केला, मी त्यात टाकले, तिनं गाठ मारली. मग मी दाराशी गेले, झेंडूची फुलं खाली झटकली आणि ऐरण उचलली. जड होती, कमरेत कळ आली, पण उचलली. "ताई, ती पूजेची आहे!" भाऊ मागून ओरडला. मी म्हणाले, "खंडेनवमीला तुझ्या लेझरची पूजा कर." रखवालदार दार उघडून बाजूला झाला, बहुतेक भीतीनं.

रिक्षावाल्यानं आधी आईकडं बघितलं, मग माझ्या मांडीवरच्या लोखंडाकडं. "आपा, ये निहाई है ना? सुनार हो क्या तुम लोगां?"

"हौ," मी म्हणाले. "ये भी, मैं भी." आवाज इतका चढला होता की त्यानं घाईनं रिक्षा सुरू केली.

शहरातल्या एका संग्रहालयात जमिनीतून निघालेलं तांब्याचं एक जुनं गळ्यातलं मी पूर्वी बघितलं होतं, पिळाचंच, मध्यावर तुटलेलं. शेजारी लिहिलंय, 'भग्न अलंकार'. त्या दिवशी रिक्षात मला ते आठवलं आणि वाटलं, ते काळानं भग्न केलेलं नाही. तेही असंच कुणाच्या तरी भावानं ओढलं असणार.

घरी आल्यावर मी आईवर ओरडले. अण्णा असताना नाही तर नाही, पण ते गेल्यावर? मला तरी सांगायचं? आई पलंगावर बसून पदराची गाठ सोडत होती. "कंदी सांगणार? पिळताना बोलायचं नसतं," ती म्हणाली. "आन् नंतर सैपाक असायचा." मला ते उत्तर पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. पण तिच्याजवळ दुसरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं ट्रंक उघडायला लावली. तळाशी जुन्या चोळीत गुंडाळलेली एक लोखंडी मूठ निघाली, कांबीचं टोक अडकवून फिरवायची. घासून घासून आरशासारखी झालेली. मी ती हातात घेतली, बरोबर बसली. अण्णांचा पंजा केवढा होता मला आठवतं, त्यांची चार बोटंही तिच्यावर मावली नसती. कित्येक वर्षं हा पुरावा आमच्या घरात हिवाळ्याच्या रजयांखाली पडून होता.

मग रविवारी, सुट्टीच्या दिवशी, मी पुढच्या खोलीत ऐरण मांडली. गॅसची शेगडी, मूस, पाण्याची बादली. तुकडे वितळवले, पन्हळीत ओतले, ठोकायला बसले. माझा हात काही अण्णांचा नव्हता. पहिली कांब चिरली. शिव्या घातल्या, पुन्हा वितळवली. दुसरी वाकडी झाली. आई पलीकडं बसून "लई जोर नको, तिला मारायचं नाय, वाढवायचं हाय" म्हणत होती, आणि मी मारतच होते, कारण प्रत्येक घावाला मला जॅकेट दिसत होतं. नात्यात माझ्याबद्दल म्हणतात, सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही. म्हणू देत. तिसरी कांब सरळ आली, चारी कडा धारदार. आईच्या गळ्याचं माप मी दोऱ्यानं घेतलं. एवढे गळे मोजले आयुष्यात, तिचा कधीच मोजला नव्हता. केवढासा राहिला होता तो.

"आता पीळ," आई म्हणाली. "माझ्या मनगटात जोर नाय. मी धरते, तू पीळ."

कांब तापून लाल होत आली. मी मूठ बाजूला ठेवून उठले आणि दार लावायला गेले. हे मी विचार करून केलं नाही. पाय आपोआप गेले.

"कुठं चालली?"

"दार लावते. हवा लागेल."

आईनं सांडशी हातात धरूनच मान वळवली.

"हवेनं काय व्हतंय गं चांदीला," ती म्हणाली. "लोकांनी मला बघू नये म्हणून लावायचे ते."

मी कडीवर हात ठेवून उभी होते. मला तो ओटा दिसला, त्या बाया, पदर तोंडाला लावून वाट बघणाऱ्या, आणि "थांबा, अण्णा पीळ देताहेत" म्हणणारी मी. राखणीला मलाच बसवलं होतं. मी दार इतकं जोरात मागं लोटलं की ते भिंतीवर आपटलं आणि समोरच्या घरातली बाई ओट्यावर आली.

"काय चाललंय हो आजी?" तिनं विचारलं.

पीळ देताना बोलायचं नसतं. मी मूठ अडकवली होती, पहिला वेढा बसत होता, आणि आई सांडशी घट्ट धरून, मान वर करून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"सरी करतोय. माझी. या की, बघायला या."